न फुटलेले गोळे

ला कोंब, ७ मार्च १९१५

प्रिय एलुआ,

आज रविवार. सकाळी बर्फ थांबलं. बाबा खिडकीशी उभे राहून दाढी करत होते आणि मी कॉफी गाळत होते. तेवढ्यात गावचे मेयर आले. प्रार्थनेला अजून अवकाश होता, तरी त्यांच्या अंगात चांगला कोट होता. त्यावरूनच मला कळलं. त्यांनी उभ्यानेच कागद वाचला. बाबांनी दाढीची उरलेली बाजू पुरी केली, वस्तरा पुसला आणि मग खाली बसले.

माझा भाऊ गेला, एलुआ. आरिस्तिद २५ फेब्रुवारीला गेला. ‘शत्रूसमोर, वीराप्रमाणे’ एवढं छापलेलं आहे. त्याचं नाव तेवढं हाताने लिहिलंय. बाकी काही नाही.

दुपारी आत्या, तुझी आई, आली. तिने सूप केलं, पण कोणी फारसं खाल्लं नाही. चारच्या सुमाराला बाबांनी टोपी घातली आणि कारखान्यात निघाले. मी म्हटलं, “बाबा, आज रविवार आहे.” तर म्हणाले, “तोफा रविवार पाळतात का?” पेरनूसाहेबांनी त्यांना कारखान्याची किल्ली दिली असणार, कारण अजून ते परतलेले नाहीत.

तू गेलास तेव्हा आपल्याकडे घड्याळं होत होती. आता त्याच टेबलांवर तोफगोळ्यांच्या नाकाचे, गोळा आपटताच तो फोडणारे पितळी फ्यूज होतात, हे मी तुला मागे लिहिलंच होतं. बाबा जुळणीला बसतात आणि मी मापं तपासते. बाबांना हे काम आवडतं असं नाही म्हणता येणार. पण आरिस्तिदच्या पुढे फुटणारा गोळा आपल्या हातचा असेल, या विचाराने ते सकाळी लवकर उठायचे.

एलुआ, तुझा तोफखाना त्याच्याच पलटणीच्या मागे आहे, असं तू जानेवारीत लिहिलं होतंस. तुझं वाक्य असं होतं: ‘आरिस्तिदच्या पुढची काटेरी तार आम्ही अशी कापू, की तो खिशात हात घालून पलीकडे जाईल.’ ते बाबांनी मला तेव्हा मोठ्याने वाचायला लावलं होतं. आज पुन्हा लावलं. मी तुला दोष देत नाही. मला समजत नाही, एवढंच. तार कापली होती, तर तो कुठे पडला? बाबा काही विचारत नाहीत. नुसते माझ्याकडे बघतात. त्यांना मी काय सांगू, ते मला लिही.

तुझी बहीण,
ऑक्तावी


शांपान्य आघाडी, १६ मार्च १९१५

ऑक्तावीताई,

तुझं पत्र काल मिळालं. मला आधीच कळलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. मी का लिहिलं नाही म्हणून विचारू नकोस. दोनदा लिहायला बसलो होतो.

तुला सांगतो कसं असतं ते, म्हणजे मामांनाही सांगता येईल. दोन्हीकडची माणसं खंदकात. मधे उघडं शेत, आणि समोरच्यांच्या खंदकापुढे काटेरी तारेची रुंद झाडी. माणूस त्यातून जाऊ शकत नाही. ती झाडी मोडणं हे आमचं काम. आम्ही मागे टेकाडाआड असतो, आम्हाला काही दिसत नाही. पुढे टेहळणीला बसलेला माणूस टेलिफोनवरून सांगतो की थोडं डावीकडे, थोडं लांब, आणि आम्ही गोळे मारत राहतो. मग तोच सांगतो, झालं, वाट मोकळी आहे. त्यानंतर पलटण उठते. आमच्यावर विश्वास ठेवून उठते. दुसरं काही तिच्या हातात नसतं.

आम्ही मारले, ताई. जेवढे दिले तेवढे सगळे मारले. तोफेची नळी इतकी तापली होती की आमच्यातला एकजण त्यावर डबा ठेवून बर्फ वितळवत होता. टेहळणीवाला म्हणाला, सगळीकडे धूर आहे, उत्तम आहे. त्याच्या बोलण्यावर आम्ही थांबलो. मामांना सांग की समोरच्यांची एक मशीनगन शिल्लक राहिली असावी. तसं होतं. नेहमी होतं.

बाकी मी बरा आहे. आईने पाठवलेलं सॉसेज पोचलं, वाटेत अर्धं कोणीतरी खाल्लं होतं. आता थंडी थोडी कमी आहे.

एक सहज विचारतो. मामांच्या टेबलावर जुळणी अजून जुन्याच पद्धतीने होते का? म्हणजे शेवटचा हात तेच फिरवतात का? इथे बसून त्या खोलीची फार आठवण येते.

तुझा,
एलुआ


ला कोंब, २८ मार्च १९१५

प्रिय एलुआ,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. मशीनगनचं ऐकून ते “हं” म्हणाले आणि जेवायला बसले. माझाही विश्वास बसला होता.

नंतर गुरुवारी मी बझांसोंला गेले. आरिस्तिदच्या तुकडीतला गास्पार नावाचा एकजण तिथल्या इस्पितळात आहे, असं मेयरच्या बायकोने सांगितलं होतं. त्याचा एक पाय काढलाय. मी लोणच्याची बरणी नेली होती. त्याने आधी बरणी घेतली, मग माझं नाव विचारलं.

“व्हियमँ? आरिस्तिदची बहीण? घड्याळवाल्यांची?”

“हो.”

“घरात कोणी तोफेवर आहे का हो बाई?”

मी म्हटलं, “आतेभाऊ आहे.”

“मग त्याला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, तुमचे गोळे पोचले. अगदी धडधाकट पोचले! बर्फात डोकं खुपसून बसले होते, बटाटे लावावेत तसे. आम्ही त्यांच्यामधून पाय बघून टाकत होतो.”

नर्स म्हणाली, “गास्पार, हळू.” तो म्हणाला, “हळूच बोलतोय. मोठ्याने बोललो तर इथले सगळे तोफवाले उठून जातील, मग पत्ते कोणाशी खेळू?”

मी विचारलं, “आणि तार?”

“तार जशीच्या तशी. तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला निदान दार तरी असेल.”

मग मात्र तो चेष्टा करायचा थांबला. आरिस्तिद पुढे होता, असं त्याने सांगितलं. वाट नाही हे दिसल्यावर त्याने गुडघ्यावर बसून हातातल्या कात्रीने तार कापायला सुरुवात केली. घरी एखादी बारीक गोष्ट सोडवायचा तसा, जीभ दाताखाली धरून. गास्पारने ती जिभेची गोष्ट सांगितली, म्हणून माझी खात्री पटली की तो आरिस्तिदच होता. दुसरी तार तुटली. तिसरी तुटली नाही.

आता मला काहीच कळेनासं झालंय. तू म्हणतोस सगळे मारले. तो म्हणतो सगळे पडले होते. दोघं खोटं बोलत नसाल, तर मग काय झालं? तुम्ही फ्यूज न लावताच मारले का? असं होऊ शकतं का? मी रोज ते हातात घेते, पण पुढे त्याचं काय होतं हे मला ठाऊक नाही. माझं काम माप बघणं. बाबांना मी गास्पारबद्दल काही सांगितलेलं नाही.

तू जुळणीचं विचारलंस, ते वाचून बरं वाटलं. तुला घराची आठवण येते म्हणून लिहिते. होय, शेवटचा हात बाबाच फिरवतात. पेरनूसाहेब म्हणतात की इतका वेळ लावू नका, हे घड्याळ नाही. बाबा ऐकत नाहीत. आतलं ते लहानसं वजन, गोळा आपटला की पुढे उडी मारतं ना, ते हाताने सरकवून बघतात आणि त्याला सुईच्या टोकाने आपल्या बाटलीतला तेलाचा थेंब देतात. तुला शिकवलं होतं तसंच: जे हलतं त्याला त्याचा थेंब मिळाला पाहिजे. शेजारच्या टेबलावरच्या बायकांनाही त्यांनी ते शिकवलंय. कोरडा भाग बघितला की त्यांचा हात थांबत नाही. ते म्हणतात, बाकीच्या कारखान्यांतले अडकतील, माझे अडकायचे नाहीत.

मला खरं काय ते लिही. मी रडणार वगैरे नाही.

ऑक्तावी


१३ एप्रिल १९१५

ऑक्तावीताई,

हे पत्र टपालाने नाही. आमच्यातल्या एकाचा हात गेलाय, तो घरी चाललाय. त्याच्या कोटाच्या अस्तरात घालून देतोय. वाचून झालं की चुलीत टाक.

गास्पारला म्हणावं, तो खरं बोलतोय. मीही खोटं बोललो नाही, पण सगळं सांगितलंही नाही.

त्या हल्ल्यानंतर काही दिवसांनी आपली रांग थोडी पुढे सरकली, आणि न फुटलेले गोळे उचलायला आमच्यातले काहीजण गेले. मी स्वतःहून गेलो. मला आरिस्तिदची जागा बघायची होती. ती सापडली नाही. तिथे सगळं सारखंच दिसतं. गोळे मात्र होते. दारूगोळ्याचा एक लेफ्टनंट होता, त्याने त्यातल्या थोड्यांचे फ्यूज सोडवले आणि मी घड्याळवाला म्हणून माझ्यापुढे धरले. “तुला काय वाटतं?” म्हणाला.

वजन जागेवर चिकटलेलं होतं. बोटाने ढकललं तरी सरकेना. भोवती पिवळं, मेणासारखं काहीतरी. मी ते नखाने खरवडलं आणि नाकाशी नेलं.

ताई, तो वास मला झोपेतही ओळखता येईल. मामा ते तेल सरहद्दीपलीकडून मागवतात, निळ्या बाटलीतलं. पाच वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलोय.

घड्याळ माणसाच्या पोटाशी असतं. बाहेर कितीही गारठा असो, बंडीच्या खिशात ते ऊबदार राहतं, म्हणून त्याला तेल चालतं. गोळा मारायच्या आधी रात्रभर उघड्यावर बर्फात पडून असतो. फेब्रुवारीत इथे आमची दारू बाटलीत गोठत होती. पितळेची धूळ आणि ते तेल मिळून त्याचा गोंद झाला होता. मामांना हे सुचलं नाही, कारण थंडीतलं घड्याळ त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. मलाही सुचलं नसतं. मी तिथे असतो तर मीसुद्धा थेंब दिला असता.

लेफ्टनंटला मी म्हणालो, “कळत नाही साहेब. ओल असावी.” त्याने ते लिहून घेतलं.

आता नीट ऐक, कारण माझं डोकं याच जागी येऊन अडकतं. आम्ही सोडवले ते थोडेच होते. त्यातल्या काहींतच तेल होतं. काही अगदी कोरडे होते आणि तरी फुटले नव्हते. लेफ्टनंट म्हणाला, बर्फाखाली चिखल मऊ होता, आपटल्याचा धक्काच बसला नसेल. टेहळणीवाल्याने धूर बघून थांबा म्हटलं, त्याने धुरापलीकडचं बघायला हवं होतं. आणि ते गोळे आमच्या तोफेचे की शेजारच्या तोफखान्याचे, तेही कोणी सांगू शकत नाही. कुठल्या कारखान्याचे होते, देव जाणे. आरिस्तिद ज्या तारेपुढे बसला, तिच्यासमोर कुठले पडले होते? कोणालाही ठाऊक नाही, कधी ठाऊक होणार नाही. मामांनी केलं असं मी म्हणत नाही. मामांनी केलं नाही असंही मला म्हणता येत नाही.

एवढं मात्र कर, तो थेंब थांबव. कसा थांबवायचा ते तू ठरव. जे डबे आधीच निघून गेलेत, त्यांची काळजी करू नकोस. आता ऊन पडायला लागलंय, ते फुटतील.

मामांना सांगायचं की नाही, हे मी तुझ्यावर सोडतो. हे सोडणं बरोबर नाही, मला कळतं.

एलुआ


ला कोंब, २ मे १९१५

एलुआ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामाला पत्र लिहायची सवय नाही, पण घरात बोलायला कोणी उरलेलं नाही म्हणून लिहितो. तुझ्या बहिणीने मला कामावरून काढलं. हसू नकोस. खरंच काढलं.

ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी ती कारखान्यात सगळ्यांना म्हणाली, वरून सूचना आहे, यापुढे आत काहीही लावायचं नाही, स्पिरिटने पुसून कोरडं द्यायचं. मी म्हटलं, सूचना दाखव. तर म्हणते तोंडी आहे. तोंडी! तोफखान्याची सूचना तोंडी येते आणि ती तपासणीच्या बाईला येते, पेरनूला येत नाही! मी माझा थेंब देत राहिलो. तोंडी सूचनेसाठी मी माझा हात बदलणार नाही.

मग तिने काय केलं माहीत आहे? माझे नग बाजूला टाकायला लागली. नापास. माझे! मी विचारलं, काय चुकलंय? तर खाली मान घालून म्हणते, “बाबा, तुमचे डोळे थकले.” सगळ्या बायकांसमोर. माझे डोळे! काल मी तुझ्या आईच्या घरी दिव्याशिवाय सुईत दोरा ओवून दाखवला. ती म्हणते, मुलीला दुःख सहन होत नाही म्हणून ती अशी वागते. दुःख मलाही आहे. मी कोणाचं टेबल काढून घेतलं का?

पेरनू म्हणतो, तपासणीत नापास झाले तर माझा इलाज नाही. पण मी तिला लहानपणापासून ओळखतो. ती माझ्याकडे बघत नाही. माप बघायच्या आधीच टाकते.

मला आरिस्तिदसाठी दुसरं काही करता येत नव्हतं. मी बंदूक उचलू शकत नाही. मी त्याच्या पुढचा गोळा नीट फुटेल एवढंच बघू शकत होतो. तेवढं मी केलं आणि त्यात कसूर केली नाही. तू तिथे आहेस. तू बघतोस. आपल्या कारखान्याचे फ्यूज नीट फुटतात, एवढं मला तुझ्या हातचं लिहून पाठव. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.

तुझा मामा,
सिलव्हेस्तर


आघाडी, ९ मे १९१५

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचून तुम्ही समोर बसून रागावताय असं वाटलं. जेवण सोडू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आपल्या कारखान्याच्या खुणेचे डबे गेल्या आठवड्यात आमच्याकडे आले. मी स्वतः उघडले. एप्रिलच्या मध्यापासून आपला एकही गोळा न फुटता पडलेला मी पाहिलेला नाही. आमचा तोफप्रमुख म्हणतो, डोंगरातले लोक काम जाणतात.

ऑक्तावीताईवर रागावू नका. इथेही सूचना रोज बदलतात आणि कोणी कारण सांगत नाही. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. बागेत बटाटे लावायचे असतील.

तुमचा,
एलुआ


ला कोंब, २४ मे १९१५

प्रिय एलुआ,

आज सणाचा सोमवार, कारखाना बंद आहे. हवा चांगली आहे. सकाळी चर्चला गेले होते. बाबा आत्याबरोबर पुढच्या बाकावर होते. ते आता तिच्याकडेच जेवतात आणि गेला आठवडाभर झोपतातही तिथेच.

तू बाबांना लिहिलेलं पत्र मला दाखवलं असतंस तर बरं झालं असतं. तुझा हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. ते पत्र मिळाल्यावर बाबा चांगला कोट घालून कारखान्यात आले. पेरनूसाहेबांना म्हणाले, “वाचा.” साहेबांनी वाचलं. “मोठ्याने वाचा,” म्हणाले. साहेबांनी मोठ्याने वाचलं. डोंगरातले लोक काम जाणतात, हे ऐकून बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बसा सिलव्हेस्तर, तुमची जागा तुमची आहे.” बाबा बसले. त्यांनी खिशातून निळी बाटली काढली.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “साहेब, यांचा हात कापतो. यांचा एकही नग मी पुढे पाठवणार नाही. यांना बसवायचं असेल तर तपासणीला दुसरी बाई बघा.”

एलुआ, त्यांचा हात कापत नाही.

साहेब म्हणाले, “ऑक्तावी, अगं वडील आहेत ते तुझे.”

मी म्हटलं, “म्हणूनच सांगते.”

तपासणीला दुसरी कोणी नाही, हे साहेबांना ठाऊक आहे. ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाबा उठले. मला म्हणाले, “चेहरा आईचा घेतलास, आणि काळीज सरहद्दीवरच्या कस्टमवाल्याचं!” कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

थेंब थांबला. इतर बायका कोरडं देतात. त्यांना मी दुष्ट वाटते, पण त्या ऐकतात. जे मला करायचं होतं ते झालं. बाबांना खरं न सांगता झालं. मुलीने आपला अपमान केला असं वाटणं आणि ते दुसरं वाटणं, यातलं पहिलं हलकं आहे, असा मी हिशोब केला होता. तो बरोबर होता असं गेल्या बुधवारपर्यंत वाटत होतं.

बुधवारी ते कपडे न्यायला घरी आले. तुझं पत्र त्यांच्या हातात होतं. घडी इतकी वेळा उघडली होती की ती जागा विरली होती. मी इस्त्री करत होते. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं,

“हा ‘एप्रिलच्या मध्यापासून’ असं का लिहितो?”

मी म्हटलं, “तेव्हापासूनचं त्याला आठवत असेल.”

“एलुआला? त्याला लहानपणी कुठल्या दिवशी काय खाल्लं तेही आठवतं.”

मी इस्त्री फिरवत राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, “फेब्रुवारीत तिथे थंडी किती होती?”

मी म्हटलं, “मला माहीत नाही, बाबा.”

“आपल्याइतकी?”

“माहीत नाही.”

“गोळे आत ठेवतात की उघड्यावर?”

मी इस्त्री फिरवायची थांबले. त्यांची टोपी हातात होती, ती त्यांनी उलटी करून आत बघितलं, जसं काही तिथे लिहिलेलं असावं. मग माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली, कारण शर्टावर ती तशीच राहिली होती आणि वास यायला लागला होता. ती जाळीवर ठेवली. म्हणाले, “तू बस जरा.” आणि कपडे न घेताच गेले.

त्यांना कळलं का? मला ठरवता येत नाही. कळलं असेल, तर मला बस असं का म्हणाले? कळलं नसेल, तर कपडे का विसरले? काल आत्या म्हणत होती की ते जेवतात, बागेत काम करतात, कोणावर रागावत नाहीत. माझ्याबद्दल वाईट बोलायचे थांबलेत, असं तिने मला आनंदाने सांगितलं. मला त्याचीच भीती वाटते.

तू त्यांना आता काही लिहू नकोस. खरंही नको आणि चांगलंही नको. त्यांनी विचारलं तर मी सांगेन. तू सांगितलंस तसं, सगळं, कोरड्या फ्यूजचं आणि चिखलाचंही. निम्मं सांगून चालणार नाही. पण त्यांनी विचारायला हवं. मी स्वतः जाऊन सांगितलं तर मी त्यांच्या हातात काहीतरी कोंबल्यासारखं होईल. की हे मी स्वतःला वाचवायला म्हणते? आज चर्चमध्ये ते वळले आणि माझ्याकडे बघितलं. पुष्कळ दिवसांनी बघितलं. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. याचा अर्थ मला माहीत नाही.

तुझी तब्येत सांभाळ. मोजे पाठवते आहे.

थंडी अडवायला बाहेरून लावतो त्या हिवाळ्याच्या जास्तीच्या खिडक्या अजून लागलेल्याच आहेत. सगळ्यांनी केव्हाच काढल्या, आपल्याच घराला दुहेरी काचा. त्या काढायला दोन माणसं लागतात, एक वर धरायला आणि एक खालून सोडायला. लिहायला बसायच्या आधी स्वयंपाकघरातली एक एकटीने काढून बघितली. खुर्ची लावली, डोकं काचेला टेकवून तोल धरला आणि खालची बिजागरी सोडवली. जड आहे, पण निघते. आता उरलेल्या काढते.

ऑक्तावी